नाव कुणाचे, काच कुणाची?

कलेच्या इतिहासाला नावांची चटक लागलेली आहे. चित्राखाली मोठे नाव असले की टीकाकाराची लेखणी पाझरू लागते. नाव नसले की तीच लेखणी ‘उत्तम कारागिरी’ एवढे दोन शब्द टाकून पुढे सरकते. कला वेगळी आणि कारागिरी वेगळी, हे आपण इतक्या निमूटपणे मान्य केले आहे की, ह्या दोहोंमधली भिंत कुणी आणि केव्हा बांधली हे विचारण्याचेही आपल्याला सुचत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी ही भिंत फार स्वच्छ दिसते. म्हणून आज बाझलविषयी.

हान्स होल्बाइन (धाकटा) १५१५ च्या सुमारास आउग्सबुर्गहून ह्या शहरी आला. तिथल्या कलासंग्रहालयात त्याची चित्रे आहेतच. थडग्यातल्या मृत ख्रिस्ताचे ते अंगावर काटा आणणारे चित्र तिथलेच. पण त्यांच्या जोडीला रंगीत काचेच्या खिडक्यांसाठी त्याने काढलेले आराखडेही आहेत. त्या काळी स्विस मुलखात खिडकी भेट देण्याची चाल होती. एका नगराने दुसऱ्या नगराच्या सभागृहाला, धनिकाने एखाद्या मठाला आपले कुलचिन्ह असलेली काच द्यायची. चित्रकार कागदावर आराखडा काढी. त्यातली ढाल पुष्कळदा कोरीच असे, कारण गिऱ्हाइकाचे चिन्ह मागाहून भरायचे असे.

मग तो कागद काचकाराच्या हाती जाई. होल्बाइनचे हे आराखडे बहुतेक शाईच्या रेषांचे आणि करड्या छायेचे. कुठला तुकडा तांबडा आणि कुठला निळा, शिशाची पट्टी कुठून नेली म्हणजे चेहरा दुभंगणार नाही, काळ्या लेपातून किती उजेड खरवडून काढायचा, चांदीचा लेप किती आचेवर ठेवला म्हणजे पिवळा रंग हवा तसा उतरेल, हे सारे बहुधा काचकारानेच ठरवायचे. कागदावरची रेघ चुकली तर दुसरा कागद घेता येतो. भट्टीत तडकलेली काच सांधत नाही.

ह्यावर ठरलेले उत्तर येते : “कल्पना चित्रकाराची, काचकाराचे नुसते हात.” वरवर हे बिनतोड वाटते. होल्बाइनची प्रतिभा थोर होती ह्याविषयी माझा वाद नाही, आणि तिचे माप मला तसूभरही कमी करायचे नाही. पण हाच न्याय आपण गाण्याला लावतो काय? बंदिश दुसऱ्याची म्हणून गवयाला नकलाकार म्हणण्याची आपली छाती होत नाही. कारण बंदिशीचे चार शब्द म्हणजे गाणे नव्हे, हे आपल्या कानांना ठाऊक आहे. कागद म्हणजे खिडकी नव्हे, हे डोळ्यांना अजून कळायचे आहे.

बाझलच्या नगरभवनाचीच हकिकत पाहा. १५२१ साली होल्बाइनने तिथल्या मोठ्या सभागृहाच्या भिंती रंगवायला घेतल्या आणि मध्ये इंग्लंडची वारी करून १५३० साली ते काम पुरे केले. त्या चित्रांना ओल लागली. आज त्यांचे काही तुकडे तेवढे संग्रहालयात उरले आहेत. त्याच नगरभवनासाठी अंतोनी ग्लाझर ह्या काचकाराने १५२० च्या आगेमागे स्विस प्रांतांच्या चिन्हांच्या काचा केल्या. त्या काचांतून अजून ऊन येते! काम ज्याचे उरले त्याचे नाव कलाप्रेमी म्हणवणाऱ्या शंभरांतल्या एकालाही ठाऊक नसावे, आणि काम ज्याचे पडले त्याच्या तुकड्यांवर पुस्तके लिहिली जावीत, ह्याला रसिकता म्हणायचे काय? आणि ग्लाझर तरी नशीबवान; त्याचे नाव निदान कागदोपत्री राहिले. होल्बाइनच्या आराखड्यांवर ज्यांनी काम केले त्यांतल्या कितीकांचे तेवढेही राहिले नाही.

ही भिंत मुळात नव्हती. बाझलच्या संग्रहाचा पाया घालणारा बासिलिउस आमरबाख (मृत्यू १५९१) होल्बाइनची चित्रे ज्या आवडीने जमवी, त्याच आवडीने सोनारांच्या कार्यशाळेतले साचे आणि नमुनेही जमवी. १६६१ साली हा संग्रह आम्स्टरडॅमला विकला जाण्याची वेळ आली, तेव्हा शहराने आणि विद्यापीठाने मिळून ९००० थालर मोजले आणि तो गावातच ठेवला. ह्या शहाणपणाबद्दल बाझलकरांना मुजरा केला पाहिजे. पण पुढच्या काळात वाटणी झाली : चित्रे आणि रेखाटने कलासंग्रहालयात, सोनारांचे नमुने इतिहाससंग्रहालयात. आमरबाखने एका घरात नांदवलेली भावंडे विद्वानांनी दोन बिऱ्हाडांत घातली. व्यवस्थेच्या सोयीसाठी केलेली वाटणी हीच मग गुणांची प्रतवारी ठरली.

आपल्याकडचे काही विचारवंत ह्याहून पुढे जातात. ते निनावीपणाचेच गोडवे गातात. अजिंठ्याच्या चिताऱ्यांनी नावे मागे ठेवली नाहीत, केवढी ही निरहंकारी वृत्ती, असे व्याख्यानांतून ऐकू येते. नाव टाकणे आणि नाव पुसले जाणे ह्यांत काही अंतर आहे की नाही? सगळेच निनावी असतील तिथे त्यागाची भाषा एक वेळ समजू शकते. पण एकाच खिडकीसाठी दोघे राबतात, एकाचे नाव पाच शतके गाजते आणि दुसऱ्याचे राहत नाही, तिथे त्याग कुणी केला? दुसऱ्याच्या विस्मृतीला वैराग्य म्हणणे ही आपल्या आळसाची सोय आहे.

उपाय अवघड नाही. जिथे काचकाराचे नाव सापडते तिथे ते चित्रकाराच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. जिथे सापडत नाही तिथे ‘काचकार : अज्ञात’ असे स्वच्छ लिहावे, निदान तिथे एक माणूस होता एवढे तरी वाचणाऱ्याला कळेल. आणि आम्ही शिक्षकांनी वर्गात चित्र दाखवताना ‘हे कुणी काढले?’ एवढ्यावर न थांबता ‘हे कुणी कुणी केले?’ असे विचारायला लागावे. मुले उत्तर शोधतील. त्यांना अजून भिंतीची सवय झालेली नाही.