नळ पहाटे, सवलत दुपारी

जाहिरातीतले स्मार्ट घर एव्हाना सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहे. मालक दारातूनच हुकूम सोडतो, दिवे लागतात, पडदे सरकतात, एसी गारवा धरतो. यवतमाळ जिल्ह्यात मात्र ‘स्मार्ट’ म्हणवणारी पहिली वस्तू पुष्कळ घरांत अशी दिमाखात आली नाही. दत्त चौकातल्या कुठल्या दुकानातून घासाघीस करून कुणी ती विकत घेतली नाही. कंत्राटदाराचा माणूस पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, जुना मीटर उतरवला, नवा चढवला आणि पुढच्या दारी गेला. ‘आमाले कोनी इचारलंच नाही ना भाऊ’ ही त्यावरची प्रतिक्रिया तंत्रज्ञान कंपन्यांनी आपल्या ग्राहक-पाहणीत पहिल्या ओळीत लिहून ठेवावी.

व्यवहार लहान नव्हता. महावितरणने राज्यभर सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटरची कंत्राटे दिली. मुंबईच्या आसपास, कोकणात, पुणे-बारामतीकडे अदानी, नाशिक आणि मराठवाड्यात एनसीसी, नागपूर-चंद्रपूरकडे मॉन्टेकार्लो, आणि यवतमाळ ज्यात मोडते त्या अमरावती परिमंडळात, अकोल्यासह, जीनस. या शेवटच्या कंत्राटात 21 लाख 76 हजार मीटर आहेत. एका मीटरचा खर्च, पुढच्या देखभालीसह, सुमारे 12 हजार रुपये. केंद्राचे अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त 900 रुपये. ग्राहकाला मीटर मोफत, असे महावितरण सांगते. उरलेले अकरा हजार वीजदराच्या वाटेने कधीतरी आपल्याच खिशातून जाणार, असे वीज ग्राहक संघटना म्हणतात. हिशेब लपत नाही, फक्त बिलावर छापलेला नसतो.

त्यात शब्द फिरला. जून 2024 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. विधानसभेची निवडणूक आटोपली आणि 2025 मध्ये ‘टीओडी’ मीटर घरोघरी लागू लागले. बिल आधीसारखे महिन्याकाठीच येते, आधी पैसे भरावे लागत नाहीत, म्हणजे आश्वासनाचे अक्षर पाळले गेले, असे महावितरण म्हणू शकते. अक्षर पाळून विश्वास गमावण्याचा हा प्रकार कोणत्याही कंपनीला महागात पडला असता. महावितरणला पडत नाही, कारण ग्राहकाला दुसरे दुकानच नाही.

टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर. 1 जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत आहे. कल्पना चांगली आहे. दुपारी सौरवीज मुबलक असते, तेव्हा वापरा आणि पैसे वाचवा. पण ही सवलत ज्याला वापराची वेळ निवडता येते त्याच्यासाठी. कापूस वेचणीच्या दिवसांत खेड्यातले घर सकाळी कुलूपबंद होते ते दिवेलागणीला उघडते. शहरात पाण्याची मोटर चालते ती नळ येतो तेव्हा. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला तेव्हा यवतमाळकरांनी नळाची वाट कशी पाहिली, ते इथे कुणाला सांगायला नको. पहाटे चारला नळ आला तर पहाटे चारला मोटर लागणार. दुपारच्या दराचे गणित ती लावणाऱ्या बाईसमोर मांडणे ही थट्टाच.

आता बिल वाढल्याची तक्रार. ती खरी की खोटी हे एका दमात सांगणारे दोन्ही बाजूंचे लोक घाईत आहेत. मीटर उन्हाळ्याच्या तोंडावर बदलला, त्याच महिन्यात पारा 44 वर गेला, कूलर रात्रंदिवस चालला, तर वाढ कूलरची की मीटरची? वापर 100 युनिटांच्या पुढे सरकला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो, हेही त्यातच. उलट जुना मीटर संथ चालत असेल तर नवा अचूक मीटरही ग्राहकाला चोर वाटणार.

शंका असेल त्याला एक खटपट घरीच करता येते. मीटरवर ‘इम्प/केडब्ल्यूएच’पुढे एक आकडा छापलेला असतो. समजा तो 3200 आहे, तर तांबडा दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट पडते. घरातले सगळे बंद करायचे, अगदी फ्रीज आणि मोबाइलचा चार्जरसुद्धा. मग बादलीत पाणी तापवायचा 1000 वॉटचा रॉड टाकायचा आणि मिनिटभर दिवा मोजायचा. साधारण 53 वेळा लुकलुकला पाहिजे. मात्र व्होल्टेज पुरते हवे. ते 190 वर उतरले, आणि आपल्याकडे उतरतेच, तर तोच रॉड 680 वॉटच्या आसपास ओढतो आणि दिवा 36 वेळाच लुकलुकतो. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे. पण 53 च्या जागी 80 आले तर लेखी तक्रार करायला हातात काहीतरी असते.

तक्रारीचे पुढे काय, हे नियमात स्पष्ट आहे. ग्राहक हक्कांच्या वीज नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली. मीटरचे वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर वीज कंपनीने पाच दिवसांत दुसरा मीटर शेजारी बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचा ताळा पाहायचा. इतका सरळ हक्क असताना तो सांगणारा फलक वीज कार्यालयाच्या दारात का नसावा? सवलतीच्या जाहिराती मात्र मोबाइलवर न चुकता येतात.

त्याच फेब्रुवारी 2024 च्या 28 तारखेला पंतप्रधान नरेंद्र मोदी यवतमाळात होते. किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता त्यांनी इथून सोडला. दुसऱ्या दिवशी, 29 तारखेला, केंद्रीय मंत्रिमंडळाने, मीटरच्या पोटातही असतात त्या चिपांच्या तीन प्रकल्पांना मंजुरी दिली: गुजरातेत धोलेरा आणि साणंद, आसामात मोरीगाव. एकट्या धोलेऱ्याची गुंतवणूक 91 हजार कोटींची, टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीची. महाराष्ट्रात यावरून झालेले राजकारण सर्वांना आठवते. तळेगावला येणार म्हटलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प सप्टेंबर 2022 मध्ये गुजरातेत गेला, प्रचंड गदारोळ झाला, आणि जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढले. म्हणजे ज्यावरून भांडलो तो कारखाना तिकडेही उभा राहिला नाही.

चिप देशात बनावी, याबद्दल दुमत नसावे. 2021 मध्ये जगभर टंचाई झाली तेव्हा जिओफोन नेक्स्ट गणेशचतुर्थीऐवजी दिवाळीत आला, हे स्वस्त फोनची वाट पाहणाऱ्यांनी अनुभवले आहे. मीटर, मोटारसायकल, वॉशिंग मशीन यांच्या पोटातल्या बहुतेक चिपा अत्याधुनिक नसतात. त्या जुन्या, जाड तंत्राच्या, आणि धोलेऱ्याचा भर 28 नॅनोमीटर व त्याहून जाड अशाच तंत्रावर आहे. उद्या मीटरमधली चिप गुजरातची असेलही. पण यवतमाळच्या शेतकऱ्याला एक जुना धडा पाठ आहे: माल कुठे तयार होतो यापेक्षा काटा कुणाच्या हातात, यावर पदरात काय पडते ते ठरते.

आणि हा काटा आता दूरवरच्या सर्व्हरशी बोलतो. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचे स्मार्ट घराचे उपकरण लोकांनी 300 डॉलर मोजून घेतले होते. ती कंपनी विकत घेणाऱ्या नेस्टने 2016 मध्ये सेवा बंद केली आणि चालते उपकरण निकामी झाले. एप्रिल 2022 मध्ये अशीच उपकरणे विकणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एकाएकी बंद पडले. तिथल्या ग्राहकांनी निदान निवडून ती वस्तू घेतली होती. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ काढले, त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे, शेतीची अवजारे आहेत. भिंतीवर लावून दिलेल्या मीटरबद्दल तक्रार करायची ती मात्र लावणाऱ्याकडेच.

म्हणून मागण्या साध्या ठेवाव्यात. दर अर्ध्या तासाचा वापर टिपण्याची सोय या मीटरमध्ये असते. ती नोंद ग्राहकाला मराठीत, ॲप नसले तरी कागदावर, मागताच मिळावी. दुसऱ्या मीटरचा हक्क प्रत्येक बिलाच्या मागे छापावा. मीटर बदलताना जुन्याचे शेवटचे वाचन घरच्या माणसाच्या सहीने लिहून द्यावे. आणि उमरखेड, झरी, मारेगावच्या ग्राहकाला त्याच्याच तालुक्यात लेखी पोच देणारी खिडकी हवी. कंत्राटदार कंपनीचा माणूस आठवड्यातून एक दिवस त्या खिडकीशी बसावा. दुपारच्या सवलतीचे तास नळाच्या आणि शेताच्या वेळेशी जुळवता येतील का, हा प्रश्न वीज नियामक आयोगाच्या पुढच्या दर-सुनावणीत यवतमाळच्या ग्राहक संघटनांनी लेखी हरकत म्हणून दाखल करावा.