प्रवासाची शिदोरी : जळालेल्या शहराचें वय

एखाद्या घराण्याचा वाडा आगींत जमीनदोस्त झाला आणि त्याच घराण्यानें त्याच जोत्यावर, त्याच मापाचा, त्याच कमानींचा वाडा पुन्हां उभारला, तर त्यास जुना म्हणावें कीं नवा? ज्यांनीं आपले वडिलोपार्जित वाडे पडतांना पाहिले आहेत, त्या वाचकांस हा प्रश्न अगदींच परका वाटूं नये. आम्हांस तो पोलंडच्या राजधानींत, वॉर्सा शहरीं, भर रस्त्यांत उभे असतां पडला; आणि त्याच्या उत्तरासाठीं अडीच तासांची पायपीट करावी लागली.

युरोपांतील जुन्या शहरांत पायीं हिंडवून शहर दाखविणारे वाटाडे असतात. ठराविक वेळीं एका ठिकाणीं मंडळी जमते, आणि वाटाड्या पुढें व आपण मागें, अशी ही दिंडी गल्लीबोळांतून निघते. आमच्या मंडळींत पंधरा-वीस जण होते. वाट दाखविणारी एक प्रौढ पोलिश बाई. सोबत आमचा पुतण्या होता. तो स्थापत्याचा विद्यार्थी, त्यामुळें शंका काढण्यांत पटाईत.

आरंभ राजवाड्यापुढील चौकांत झाला. तेथें एका उंच स्तंभावर तिसरा झिगमुंट राजा हातीं क्रूस व तलवार घेऊन उभा आहे. यानेंच राजधानी क्राकुव्हहून येथें आणली. स्तंभ १६४४ सालचा. परंतु १९४४ सालीं तो पाडण्यांत आला व १९४९ सालीं नव्या दगडाचा खांब घडवून पुन्हां उभारला. पुतळा तेवढा जुना. मोडक्या खांबाचे अजस्र तुकडे राजवाड्याच्या कडेला तसेच पहुडलेले आहेत.

"आतां मनोऱ्यावरचें घड्याळ पाहा," बाई म्हणाल्या. १७ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन तोफांच्या माऱ्यानें राजवाडा पेटला, तेव्हां हें घड्याळ सव्वाअकरा वाजतां थांबलें. स्तानिस्लाव लोरेन्त्स या संग्रहालयाच्या संचालकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं चित्रें, कोरीव लाकूडकाम, नक्षीचे तुकडे, जें हातीं लागलें तें जिवावर उदार होऊन बाहेर काढलें. पुढें १९४४ सालीं जर्मनांनीं भिंतींना भोकें पाडून, सुरुंग भरून राजवाडा उडवून दिला. १९७१ सालीं तो पुन्हां बांधण्याचें ठरलें आणि लोकांनीं वर्गण्या दिल्या. १९ जुलै १९७४ रोजीं नव्या मनोऱ्यावरचें घड्याळ सुरू करण्यांत आलें, तें बरोबर सव्वाअकराच्याच ठोक्याला.

हा विध्वंस कसा झाला, हें सांगितल्यावांचून पुढील वाट कळावयाची नाहीं. १ ऑगस्ट १९४४ रोजीं वॉर्साच्या लोकांनीं जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. नदीपलीकडे सोव्हिएत सैन्य येऊन ठेपलें होतें, परंतु पुरेसें साहाय्य लाभलें नाहीं. त्रेसष्ट दिवसांनीं उठाव मोडला. दीड लाखांहून अधिक नागरिक मेले, उरलेल्यांस बाहेर घालविलें. आणि मग रिकाम्या शहराचा एकेक रस्ता पद्धतशीरपणें जाळण्यांत व उडविण्यांत आला. ऐतिहासिक वॉर्साचा शेंकडा पंच्याऐंशींहून अधिक भाग नाहींसा झाला. लढाईंत शहर पडणें निराळें आणि लढाई संपल्यावर तें ठरवून पुसणें निराळें.

राजवाड्यापासून चार पावलांवर सेंट जॉनचें प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींत एका जर्मन युद्धवाहनाच्या पट्ट्याचा लोखंडी तुकडा बसविलेला दिसतो. अशा स्फोटकें वाहणाऱ्या यंत्रांनींच हें मंदिर फोडलें. परंतु पुतण्याचें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे होतें. एकोणिसाव्या शतकांत या मंदिरास इंग्रजी धर्तीची नक्षीदार दर्शनी बाजू दिलेली होती; पुनर्बांधणींत ती गाळून, त्याहून जुन्या काळास शोभेल अशी साधी विटांची बाजू उभारली.

तो हळूच म्हणाला, "काका, म्हणजे यांनीं होतें तसें नव्हे, हवें तसें बांधलें! मग ही नक्कलच झाली कीं!"

बाईंनीं त्यास मोठ्यानें विचारावयास लावलें व ऐकून घेऊन म्हणाल्या, "आपण म्हणतां तें खरें आहे. हें जुनें शहर माझ्या आजीपेक्षां वयानें लहान आहे. परंतु तें पुसणाऱ्याचाच शब्द शेवटचा ठरूं द्यावयाचा होता काय? आतां पुढें चला, आम्हीं कशावरून बांधलें तें दाखवितें."

बाजारचौकांत रंगीत, उंच, अरुंद घरांच्या चार रांगा एकमेकींस खेटून उभ्या आहेत. मधोमध ढाल-तलवार घेतलेली जलकन्या, ही शहराची खूण. हा चौक पुन्हां उभा राहून २२ जुलै १९५३ रोजीं लोकांसाठीं खुला झाला. येथें बाईंनीं कागदांची कथा सांगितली. तेथील तंत्रविद्यालयाच्या स्थापत्यविभागांतील अध्यापक व विद्यार्थी यांनीं जुन्या घरांचीं मापें घेऊन नकाशे तयार केले होते. शहर जळत असतां ते बाहेर काढून पिओत्रकुव्ह गांवच्या एका मठांत लपविले. १९४५ सालीं पुनर्बांधणीची कचेरी स्थापन झाली, तेव्हां यान झाख्वातोविच प्रभृतींस त्या नकाशांचा आधार मिळाला. जवळच्या राजरस्त्यासाठीं बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकांतील दरबारी चित्रकाराचीं चित्रें उपयोगी पडलीं. त्यानें कोठें कोठें घरें होतीं त्याहून देखणीं रंगविलीं होतीं. तेव्हां कांहीं घरें आगीनंतर अधिक सुंदर होऊन परत आलीं! विटाहि व्रोत्स्वाफसारख्या दुसऱ्या उद्ध्वस्त शहरांतून गाड्या भरभरून आणल्या. १९८० सालीं युनेस्कोनें हें जुनें शहर जागतिक वारशांत घेतलें, तें या पुनर्बांधणीच्या अपूर्व उदाहरणाबद्दलच.

पुतण्या आतां गप्प होता. तटाचा गोल बुरूज आला. जवळच मोठ्या माणसाचें शिरस्त्राण डोळ्यांवर आलेल्या एका बालसैनिकाचा पुतळा. त्यापुढें फ्रेता रस्त्यावर १८६७ सालीं मारी क्यूरी जन्मली तें घर. तेंहि जळून पुन्हां बांधलेलें. मग क्रासिन्स्की चौक. येथून जवळच्या एका भुयारी गटाराच्या तोंडांतून, १९४४ च्या सप्टेंबरच्या आरंभीं, जुन्या शहरांतील सुमारें पांच हजार सैनिक घाणींतून वांकून चालत निसटले.

चौकापलीकडे क्रासिन्स्की उद्यान आहे. त्याच्या कडेला पदपथांत लोखंडी पट्ट्या बसविल्या आहेत. येथून ज्यूंच्या कोंडवाड्याची भिंत जात असे. युद्धापूर्वीं वॉर्सांत साडेतीन लाखांवर ज्यू राहत. म्हणजे दर तीन माणसांत जवळजवळ एक. त्यांतील बहुतेकांस मृत्युछावण्यांत नेऊन मारलें. १९४३ च्या एप्रिलांत उरलेल्यांनीं उठाव केला, तेव्हां ती सारी वस्तीच जाळली. आज तेथें मुरानूव्ह हा नवा भाग आहे; त्याचीं कित्येक घरें मलब्याच्याच ढिगांवर उभीं आहेत. जुनी वस्ती मात्र पूर्वीच्या रूपांत कोणीं उभारली नाहीं. "हा उंबरठा माझा" असें म्हणावयास जवळजवळ कोणी उरलेंच नव्हतें. येथें बाई कांहींच बोलल्या नाहींत, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

उद्यानाच्या बाजूस, माँते कासिनोच्या स्मारकाजवळ, फेरी संपली. तेथें २०१७ सालीं बसविलेल्या एका फलकावर आम्हीं आपल्या कोल्हापूरचें नांव वाचलें! सोव्हिएत राज्यांत हद्दपार झालेले व इराणमार्गें हिंदुस्थानांत आलेले सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका व मुलें, १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथें राहिले. तेथें त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें. मुलें आपल्याच भाषेंत शिकत होतीं. इकडे राजधानी जळत असतां तिकडे पंचगंगेच्या परिसरांत ती भाषा जतन होत होती.

परततांना पुतण्या म्हणाला, "काका, वाडा नवाच म्हणावयाचा. पण बांधणारे जुने होते." आम्हांस याहून चांगलें उत्तर सुचलें नाहीं. दगड जळाले तरी मापें राहिलीं होतीं, आणि मापें वाचणारीं माणसें राहिलीं होतीं. जेथें माणसेंच उरलीं नाहींत, तेथें मापें असूनहि काय होणार?

घरीं आल्यावर त्यानें पहिलें काम हें केलें कीं, थोरल्या आत्याबाईंपुढें कागद घेऊन बसला. आमचा गांवचा वाडा पडून आज कित्येक वर्षें झालीं. माजघर किती खणांचें, देवघराचें दार कोणत्या दिशेस, विहिरीपाशीं कोणतें झाड, हें त्या एकट्यांस ठाऊक. वाडा आम्ही बांधणार नाहीं. परंतु नकाशा आतां कपाटांत आहे. ज्या घरीं अशा आत्याबाई अजून आहेत, त्या वाचकांनीं हें काम पुढल्या सुटीवर ढकलूं नये.