पावणेसहाचा फोन

मावशीच्या घरी दर रविवारी संध्याकाळी पावणेसहाला फोन वाजतो. साडेपाचला नाही, सहाला नाही, पावणेसहाला. त्या वेळी सहकारनगरच्या त्या फ्लॅटमध्ये मिक्सर, टीव्ही, कुकर सगळं चिडीचूप असतं. काका सोफ्यावर ताठ बसतात. मावशी फोन चार्जिंगला लावूनच हातात धरते, न जाणो मध्येच बॅटरी संपली तर! आणि पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं, "सुटलो गं एकदाचा. तुमचा चहा झाला का?"

आमच्या बंधुराजांची (माझा मावसभाऊ, पण आम्ही एकाच ताटात जेवून वाढलोय) शिफ्ट रात्री नऊला संपते. ती ऑस्ट्रेलियात, पर्थपासून हजार किलोमीटरहून जास्त दूर, नलरबोर नावाच्या माळरानावरच्या एका रोडहाऊसमध्ये. नलरबोर म्हणजे लॅटिनमध्ये 'झाड नाही'. बस्स, एवढंच वर्णन आणि ते पुरेसं आहे.

आता पावणेसहाचं गणित. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पण पूर्वेला जाणाऱ्या एअर हायवेवर (विमानाशी संबंध नाही, १८४१ मध्ये हा मुलूख पायी ओलांडणाऱ्या एका गोऱ्याचं ते आडनाव) कायगूना ओलांडलं की रस्त्यावर पाटी लागते, घड्याळं पाऊण तास पुढे करा. तिथून सीमेपर्यंतच्या मूठभर वस्त्यांनी स्वतःची वेगळी वेळ ठरवून घेतलीय, ग्रिनिचच्या पावणेनऊ तास पुढे. सरकारदरबारी तिला मान्यता नाही, पण सगळे पाळतात. म्हणजे आपल्यापेक्षा सव्वातीन तास. त्याच्यासोबत काम करणाऱ्या फ्रेंच मुलीला घरी फोन करायचा तर बोटं मोजावी लागतात म्हणे. आपल्याकडे पावणे, सव्वा, औटकी सगळं तयार आहे. आजीने पाठ करून घेतलेल्या पाढ्यांचा असा उपयोग होईल असं तिलाही वाटलं नसेल.

तर हा मुलगा तिथे पोचला कसा? भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या व्यापार करारात एक छोटंसं कलम होतं. वर्षाला १,००० भारतीयांना 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा, म्हणजे वर्षभर फिरा आणि फिरता फिरता कामही करा. गोऱ्या देशांतल्या पोरांना हे कैक वर्षं मिळत होतं, आपल्याला २०२४ मध्ये पहिल्यांदा मिळालं. त्या ऑक्टोबरात २५ डॉलर भरून नाव नोंदवायचं आणि मग चक्क लॉटरी! हिंजवडीत चार वर्षं टेस्टिंग करून कंटाळलेल्या आमच्या इंजिनियरने एका रात्री कॅबमध्ये बसून नाव टाकलं. लागलं. वडिलांना सांगायला त्याने तीन आठवडे घेतले.

काका एकच वाक्य बोलले, "इंजिनियरिंगची फी भरली ती बशा विसळायला?"

इथे माझी एक कबुली. नाव मलाही टाकायचं होतं. पण वयाची अट १८ ते ३०, आणि मी एकतीस ओलांडून बसलेली. ऑफिसात मला 'यंग लीडर्स'च्या ट्रेनिंगला पाठवतात, अन् ऑस्ट्रेलियाच्या लेखी मी म्हातारी! त्यामुळे पावणेसहाच्या फोनला मी जी दर रविवारी बाणेरहून कडमडत सहकारनगरला जाते, ती काही फक्त मावशीच्या पोह्यांसाठी नाही.

रोडहाऊस म्हणजे काय? आपल्या सातारा रोडवरचा धाबा घ्या. त्याला पेट्रोल पंप जोडा, एक लॉज जोडा, एक बियर बार जोडा, टायर-बल्ब-ब्रेड विकणारं दुकान जोडा. आणि मग आजूबाजूचं सातारा, शिरवळ, खेड शिवापूर, सगळं पुसून टाका. वीज स्वतःच्या जनरेटरवर, पाण्याची बोंब, भाजी आणि दूध लांबून ट्रकने येणार. जवळचं म्हणावं असं गाव नॉर्समन, ते चारशे किलोमीटरहून दूर. त्या वाटेवर १४६.६ किलोमीटरचा एक पट्टा आहे, त्यात एकही वळण नाही. पुण्याहून मुंबईला निघा आणि स्टिअरिंग एकदाही फिरवू नका, तसं. मध्ये घाट नाही, फूड मॉल नाही, चिक्की नाही. समोरून येतात ते रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक डबे जोडलेले पन्नास मीटरचे ट्रक. आणि संध्याकाळनंतर कांगारू. म्हणून अंधारात शहाणा माणूस गाडी चालवत नाही, रोडहाऊसला मुक्काम करतो. तिथे त्याची बियर ओतणारा, अंथरूण घालणारा आणि सकाळी अंडं तळून देणारा हात बहुतेक वेळा एकाच बॅकपॅकरचा असतो.

का? तर व्हिसाचा नियम. पहिल्या वर्षात अशा आडवळणी भागात ठरावीक प्रकारचं काम तीन महिने केलं तर दुसऱ्या वर्षाचा अर्ज करता येतो. शेतातली फळं तोडणं त्यात पहिल्यापासून आहे. २०२१ पासून दूरच्या, अतिदूरच्या भागातलं हॉटेलकामही चालतं. बॅकपॅकरांच्या भाषेत याला 'एटी-एट डेज' म्हणतात. गंमत बघा, इकडे त्याला नोकरीतून सुटायला नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्व्ह करावा लागला आणि तिकडे राहायला मिळावं म्हणून अठ्ठ्याऐंशी!

कामाचं वर्णन तो फार रसाळ करतो. पहाटे पाचला ग्रिल पेटवायचं. मग खोल्या, मग टॉयलेट, मग पंप. दुपारी दोन-तीन तास सुट्टी, पण जाणार कुठे? माश्या इतक्या की तोंड मिटून हसायला शिकलो म्हणाला. संध्याकाळी काउंटर. किमान पगार कायद्याने ठरलेला, जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण चौदाशे रुपये. त्यातून राहण्या-जेवण्याचे कापून घेतात. उरतात ते सगळे साठतात, कारण खर्च करायला काही नाहीच.

राहायला 'डोंगा' मिळाला, असं त्याने पहिल्याच फोनवर सांगितलं. मावशी हबकली. तिच्या डोळ्यासमोर लग्नातला भाजीचा डोंगा! तिकडे पत्र्याच्या तयार खोलीला डोंगा म्हणतात. एक पलंग, एक एसी, एक खिडकी, खिडकीबाहेर क्षितिज.

"आणि आजारी पडलास तर?" मावशीचा पुढचा प्रश्न. तर विमान येतं. खरंच येतं. रॉयल फ्लाइंग डॉक्टर ही सेवा १९२८ पासून चालू आहे आणि त्या हायवेचे काही तुकडे मुद्दाम धावपट्टीसारखे आखून ठेवलेत. रस्ता अडवायचा, विमान उतरवायचं, पेशंट उचलायचा. यावर काका पहिल्यांदा इंप्रेस झाले. "आपल्याकडे सिंहगड रोडला रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही," एवढं म्हणून त्यांनी पेपर परत वर केला.

मावशी मात्र पाघळली ती वेगळ्याच गोष्टीवर. जाताना तो बालाडोनियाला थांबला होता. तिथल्या रोडहाऊसमध्ये छोटंसं म्युझियम आहे, त्यात स्कायलॅबचे तुकडे ठेवलेत. जुलै १९७९ मध्ये ती अंतराळ प्रयोगशाळा कोसळली ती त्याच भागात. मावशी तेव्हा दहा वर्षांची. स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून गल्लीत हाहाकार, मरायचंच आहे तर खाऊन घ्या म्हणून कोणी कोंबड्या कापल्या, आजीने देव पाण्यात ठेवलेले. "अय्या, म्हणजे तो तुझ्याकडे पडला होय!" असं ती ओरडली. सेहेचाळीस वर्षांची उधारी फिटल्यासारखी.

पण सोसायटीत? सोसायटीत मावशीचा मुलगा 'हॉस्पिटॅलिटी सेक्टर'मध्ये आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी "मॅनेजमेंटला का?" विचारलं, तर मावशी म्हणाली, "तसंच काहीतरी." आपल्याकडे गॅप इयर म्हणजे सीव्हीला पडलेलं भगदाड. तो एमएससाठी, यूपीएससीसाठी, फार तर कॅटसाठी घ्यावा. संडास धुण्यासाठी कोणी घेतो का?

सगळं इन्स्टाग्रामसारखं गुलाबी नाही, हेही सांगायला हवं. नॉर्समनहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत कूलगार्डी हे सोन्याच्या खाणींचं जुनं गाव आहे. तिथल्या एका पबमध्ये कामाला आलेल्या दोन फिनिश मुलींवर 'हॉटेल कूलगार्डी' नावाची डॉक्युमेंटरी २०१६ मध्ये आली. काउंटरच्या पलीकडच्या पुरुषांनी त्यांना काय काय ऐकवलं, ते बघवत नाही. त्यावरूनच सुचलेला 'द रॉयल हॉटेल' हा सिनेमा २०२३ मध्ये आला. मी तो एकटीने लॅपटॉपवर पाहिला आणि मावशीला सांगितलं नाही. त्या रात्री मात्र माझ्या 'वय हुकलं' या दुःखाला जरा वेगळीच चव आली. वय बसलं असतं तरी आई-बाबांनी सोडलं असतं का? आणि सोडलं असतं तर शेवटची ऑर्डर संपल्यावर मी त्या अंधारातून माझ्या डोंग्यापर्यंत कशी गेले असते? बंधुराजांना विचारलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "ताई, ती फ्रेंच मुलगी एकटी जात नाही. आम्ही सोडायला जातो. मला कोणी सोडायला येत नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं."

एका रविवारी मी त्याला विचारलं, गिऱ्हाइकांत बरं कोण? म्हणाला, ट्रकवाले. खाऊन झालं की ताटं एकात एक ठेवून, काटे-चमचे वरच्या ताटात घालून, काउंटरवर आणून देतात. "पुण्यात मी आयुष्यात कधी असं केलं नव्हतं. आपण नॅपकिन पण डाळीच्या वाटीत बुडवून जातो."

मावशी ऐकत होती. बोलली काही नाही.

पुढच्या महिन्यात काकांचा वाढदिवस रविवारीच आला. जेवायला खेड शिवापूरच्या पुढे एका धाब्यावर गेलो. नंबर लागायला तीन वाजले. वाढायला एक विशीतला मुलगा होता, पाठीला घामाने चिकटलेला शर्ट. एकाच हाताच्या कोपरापर्यंत चार ताटं. मटण आलं, भाकरी आल्या, काकांनी कांदा दोनदा मागवला. आणि मावशीने मध्येच त्याला विचारलं, "तू कुठला रे?"

तो दचकला. काही चुकलं असं वाटलं असावं. "झारखंड, मॅडम."

"जेवलास का?"

"बाद में."

"राहतोस कुठे?"

त्याने बोटाने वर दाखवलं. किचनच्या वर पत्र्याची खोली होती, बाहेर दोरीवर सात-आठ शर्ट वाळत होते. मावशी त्या पत्र्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण आम्हा दोघींच्या डोक्यात एकच शब्द आला होता आणि तो भाजीच्या भांड्याचा नव्हता.

"गावी कधी गेला होतास?" तर दीड वर्षापूर्वी. आईला फोन? करतो, रात्री, बंद झाल्यावर.

जेवण संपल्यावर मावशीने आमची ताटं ओढून घेतली, हाडं एका ताटात गोळा केली, ताटं एकात एक बसवली, वाट्या वर ठेवल्या आणि ती चळत उचलून उभी राहिली. तो मुलगा धावत आला. "मॅडम, राहू द्या, प्लीज!" मराठीत म्हणाला, आणि मान वळवून गल्ल्याकडे बघितलं. गल्ल्यावरचा माणूस आमच्याकडेच बघत होता. मावशीच्या हातातून चळत घेताना एक वाटी पडली आणि त्याबद्दल बोलणी त्यालाच बसली. काका बिल भरायला गेले तेव्हा त्या माणसाला काहीतरी म्हणाले. काय, ते गाडीत बसल्यावर सांगायला तयार नव्हते. काकांचे कान मात्र लाल होते.

रविवारची संध्याकाळ, पुण्यात शिरणारा ट्रॅफिक. कात्रजच्या अलीकडेच पावणेसहा झाले. फोन स्पीकरवर. "सुटलो गं एकदाचा. चहा झाला का?" मावशीने चहाचं उत्तर न देता एका दमात ताट, वाटी, पत्र्याची खोली, सगळं सांगितलं. पलीकडे जनरेटरचा घुं घुं आवाज.

"दीड वर्ष घरी गेला नाही?" त्याने विचारलं. "आई, माझे आज एकसष्ट दिवस झाले. भिंतीवर रेघा मारतोय मी." मग म्हणाला, "त्याला पगार किती देतात विचारलंस?"

"नाही रे. ते कसं विचारायचं?"

"मला तर पहिल्याच फोनवर विचारलं होतंस."

मावशी काही बोलणार तेवढ्यात गाडी कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरली आणि आवाज तुटला. नलरबोरवरून सॅटेलाइटने सुखरूप आलेला कॉल पुण्याच्या वेशीवर गेला! बाहेर पडल्यावर मावशीने तीनदा लावला. उचलला नाही, झोपला असणार. त्याला पहाटे पाचला ग्रिल पेटवायचं होतं.