रोषाचा रोख कोणावर?

छत्रपती संभाजीनगरात हंडामोर्चा ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पैठणचा नाथसागर अवघ्या पन्नासेक किलोमीटरवर. तरीही गेली अनेक वर्षे शहरातील वस्त्यांनी नळाला पाणी येण्याची दिवसचे दिवस वाट पाहिली. पाणीपुरवठ्याचा खासगी कंपनीशी झालेला करार २०१६ साली रद्द झाला. नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. १,६८० कोटींची ही योजना पुढे २,७०० कोटींवर गेली. मधल्या काळात टँकरचे पैसे मात्र गरिबाने मोजले. अशा वेळी लोक संतापले की शहाणीसुरती मंडळी उसासा टाकतात : समाजाची सहनशीलता संपत चालली आहे!

सहनशीलता संपत आहे हे खरे. पण ती कोणी संपवली? अर्जाला उत्तर नाही, आश्वासनाला मुदत नाही आणि चुकीला जबाबदार कोणी नाही, अशी व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांनीच लोकांना शांततेचे धडे द्यावेत, हा ढोंगीपणा आहे. अन्यायाची चीड न येणारा समाज शांत नसतो. तो खचलेला असतो. म्हणून रोष वाढतो आहे, एवढ्यावरून त्याचा निवाडा करता येत नाही. त्या रोषाचा रोख कोणावर आहे, हा खरा प्रश्न आहे.

मराठवाड्याने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे पाहिली आहेत. १९७४ साली येथले विद्यार्थी विकासाचा आणि रोजगाराचा प्रश्न घेऊन रस्त्यावर आले. तो रोष शासनाला जाब विचारीत होता. वसमतला गोळीबार झाला, तरी प्रश्न मिटला नाही. प्रदेशाच्या मागासलेपणाचा हाच प्रश्न १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात अनुशेषाच्या आकड्यांत उतरला.

चारच वर्षांनी चित्र पालटले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलितांची घरे पेटवण्यात आली. त्या नावाने कोणाच्या विहिरीचे पाणी आटणार होते? कोणाचा रोजगार बुडणार होता? बेकारीने आणि दुष्काळाने पोळलेल्या तरुणांचा संताप मंत्रालयाकडे न जाता गावकुसाबाहेरच्या झोपडीकडे वळला. शिकू लागलेला, गावकीची कामे नाकारू लागलेला दलित ज्यांच्या डोळ्यांत सलत होता, त्यांचे यात आयतेच साधले.

त्या आगीत होरपळलेल्यांच्या मनात रोष नव्हता काय? होता, आणि तो अधिक न्याय्य होता. पण त्याला मागणी होती, संघटना होती. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास, अनेकांचे बलिदान अशा सुमारे सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. एका रोषाने समाज मागे खेचला, दुसऱ्याने पुढे नेला.

हा धडा शहर विसरते. मे २०१८ मध्ये येथे दंगल उसळली, दोन जीव गेले, दुकाने जळाली. अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून पेटलेला वाद तिच्या निमित्तांपैकी एक होता. पाणी दोन्ही मोहल्ल्यांना नव्हते. तरी हात परस्परांवर उगारले गेले. तहानलेला तहानलेल्याशी लढला आणि ज्यांनी हिशेब द्यायचा ते सुटले!

लोकांचा राग शमवणे हे पुरोगामी चळवळीचे काम नव्हे. त्याला मागणीचे रूप देणे, वस्तीवस्तीत समित्या उभारून जाती-धर्माच्या भिंतींपलीकडच्या माणसांना एका मोर्चात आणणे आणि योजनेच्या प्रत्येक रुपयाचा जाब मागणे, हे तिचे काम आहे. ते तिने केले नाही, तर राग थांबणार नाही. तो शेजाऱ्याच्या दाराशी जाईल. तिथपर्यंतची वाट दाखवणारे टपलेलेच आहेत.