खरा राक्षस कोण?

बीबीसीची 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ सालची. म्हणजे वयानं आपल्या आईबाबांपेक्षाही मोठी! २०२४च्या मोसमात 'स्पेस बेबीज'मध्ये चक्क शेंबडाचा राक्षस आला. मला हसू आलं, भीती नाही वाटली.

'बूम' मात्र झकास! डॉक्टरचा पाय सुरुंगावर पडतो. हलला की स्फोट! जवळजवळ सगळा भाग तो तिथंच उभा. आणि शेवटी कळतं काय, तर सैनिक ज्या शत्रूशी लढताहेत तो मुळात नाहीच!

पण माझा पहिला नंबर 'डॉट अँड बबल'ला. त्यात माणसं गिळणारे भलेमोठे किडे आहेत. तरी मला भीती वाटली ती लिंडीची. सदान्‌कदा पडद्यात बुडालेली ही मुलगी. बाणाच्या खुणेशिवाय तिला धड चालताही येत नाही. शेवटी डॉक्टर मदतीचा हात पुढे करतो, तर ती आणि तिचे मित्र तो झिडकारतात. उघड बोलत नाहीत, पण कारण कळतं : तो त्यांच्यासारखा गोरा नाही. शूटी गाटवाचा डॉक्टर आधी हसतो, मग किंचाळतो. काय काम केलंय त्यानं!

लिंडीच्या जागी तुम्ही असतात तर? 'छे, मी तशी वागलेच नसते' असं पटकन म्हणू नका. वर्गात कुणाशेजारी बसायचं तुम्ही टाळता, ते आधी आठवा.