गोगलगाय आणि चाबूक

‘व्यंगचित्रकारानें थट्टा खुशाल करावी, पण मर्यादा पाळावी’ हें वाक्य आपल्याकडे इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं, त्याचा अर्थ विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. ही मर्यादा आंखावयाची कोणीं? ज्याची थट्टा झाली त्यानें, कीं ज्याच्या हातीं दगड आहे त्यानें? ह्या प्रश्नाला बगल देऊन मर्यादेची थोरवी गाणें म्हणजे फिर्यादी, पंच आणि शिक्षा देणारा हीं तिन्ही कामें एकाच माणसाकडे सोंपविणें होय.

शंकर ह्यांनीं १९४९ सालीं काढलेलें एक चित्र पाहा. राज्यघटनेच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर हातांत चाबूक घेऊन बसले आहेत आणि मागें नेहरूही चाबूक उगारून उभे आहेत. घटनेचें काम रेंगाळलें, एवढाच त्याचा आरोप. २००६ सालीं तें अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत आलें. मे २०१२ मध्यें त्यावरून संसदेंत गहजब झाला. सरकारनें पुस्तक मागें घेण्याचें जाहीर केलें. आणि पुस्तकाचे एक मुख्य सल्लागार प्रा. सुहास पळशीकर ह्यांच्या पुणें विद्यापीठांतील कचेरीची मोडतोड झाली.

ह्या चित्रानें कोणाला वेदना झाली नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं पाठीवर वळ सोसले, त्यांना बाबासाहेबांच्या मागें उगारलेला चाबूक निव्वळ थट्टेचा दिसणार नाहीं. ‘तो चाबूक गोगलगायीसाठीं आहे’ हें उत्तर, ज्याच्या पाठीला कधीं वळ पडला नाहीं त्यालाच सोपें वाटतें. ही गोष्ट वर्गांत बोललीच पाहिजे. परंतु पानच फाडून टाकलें, तर ती बोलावयाची कोठें?

आणि स्वतः बाबासाहेबांनीं दिरंगाईच्या आरोपाला काय उत्तर दिलें? २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं त्यांनीं घटनासमितीपुढें हिशेब मांडला. दोन वर्षें, अकरा महिने, सतरा दिवस लागले खरे. पण ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षें लागलीं होतीं. अमेरिकेचें काम चार महिन्यांत उरकलें, पण तिच्या घटनेंत कलमें अवघीं सात. आपल्या घटनेंत ३९५, आणि सभागृहांत मांडल्या गेलेल्या दुरुस्त्या २,४७३! टीकेचें तोंड बंद करा, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. टीकाकारांना आंकड्यांनीं निरुत्तर केलें. त्यांच्या नांवानें पुस्तकें मागें घेणाऱ्यांनीं एवढें तरी वाचावयास हवें होतें.

शिवाय ह्या कळवळ्याच्या आडून काय साधलें गेलें? वाद बाबासाहेबांच्या चित्रावरून सुरू झाला. पण लोकसभेंत लवकरच साऱ्याच पुढाऱ्यांचीं व्यंगचित्रें क्रमिक पुस्तकांतून काढा, अशी मागणी झाली. पुढें नेमलेल्या समितीनें आणखीही चित्रें वगळण्याची शिफारस केली, सभासदांपैकीं एम. एस. एस. पांडियन ह्यांनीं मात्र आपलें विरुद्ध मत नोंदविलें. एका थोर पुरुषाच्या सन्मानाची ढाल पुढें करून सगळ्या लहान पुढाऱ्यांनीं आपापली अंगें झांकून घेतलीं. गोगलगाय नि पोटांत पाय, ती हीच!

आमची कसोटी साधी आहे. चित्र खोटें सांगत असेल तर तें खोडून काढा. कोणावर हात टाकण्याची चिथावणी देत असेल तर न्यायालयांत जा. बाकी जें मनाला लागतें, त्याला लेखानें, भाषणानें किंवा त्याहून तिखट चित्रानें उत्तर द्या. ज्याच्याजवळ उत्तर आहे, त्याला कचेऱ्या फोडाव्या लागत नाहींत.