रडा, पण ओरडू नका

शाळेत मुलं मारली गेली की टेक्सासमध्ये पहिले काही दिवस सगळ्यांना रडायची मुभा असते. झेंडे अर्ध्यावर येतात, चर्चमध्ये मेणबत्त्या लागतात, टीव्हीवरच्या निवेदकाचा आवाज कापरा होतो. मुभा नसते ती चिडण्याची. गेलेल्या मुलाच्या बापाने ‘त्या पोराला बंदूक मिळालीच कशी?’ एवढं विचारलं तरी कुणीतरी लगेच हात आडवा घालतं, ही राजकारण करायची वेळ नाही म्हणून. मी मूळची मिरजेची. बरीच वर्षं ह्यूस्टनजवळच्या एका सरकारी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. हा लेख मी त्याच फिरलेल्या डोक्याने लिहिते आहे.

उवाल्डेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला दीड तासावर, जेमतेम १५ हजार वस्तीचं गाव. बहुतेक घरं मेक्सिकन वंशाची. २४ मे २०२२ला तिथल्या रॉब प्राथमिक शाळेचं वर्ष संपायला दोनच दिवस उरले होते. सकाळी बक्षीस समारंभ झाला, पालक मुलांचे फोटो काढून कामाला गेले. त्यानंतर नुकतीच १८ वर्षं पूर्ण झालेला एक मुलगा रायफल घेऊन चौथीच्या दोन जोडवर्गांत शिरला. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. चौथी म्हणजे नऊ-दहा वर्षांची मुलं. माझ्या वर्गातली मुलं त्याच वयाची असतात.

पोलीस काही मिनिटांतच शाळेत पोचले होते. पुढे त्यांची संख्या ३७६ झाली. वर्गाचं दार उघडून आत जायला त्यांना ७७ मिनिटं लागली. आतून मुलं फोन करून पोलीस पाठवा म्हणत होती, आणि पोलीस बाहेर व्हरांड्यात उभे होते. शाळेच्या कुंपणापाशी पालक जमले. आत जा, नाहीतर आम्हाला जाऊ द्या, म्हणून ते आक्रोश करत होते. त्यांना ढकललं, काहींना जमिनीवर पाडलं. एका आईला बेड्या घातल्या. सुटल्याबरोबर ती कुंपण ओलांडून आत गेली आणि आपल्या दोन्ही मुलांना घेऊन बाहेर आली. त्या दिवशी उवाल्डेत ज्यांना आवरलं जात होतं त्यांचंच बरोबर होतं. शांत राहा म्हणणारे चुकले होते. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. टेक्सासच्या विधिमंडळाच्या चौकशी समितीचा जुलै २०२२चा आणि अमेरिकेच्या न्याय खात्याचा जानेवारी २०२४चा अहवाल, दोन्हींमध्ये हेच निघतं.

दुसऱ्या दिवशी उवाल्डेतच गव्हर्नर ग्रेग ॲबट यांची पत्रकार परिषद झाली. त्यांचे विरोधी उमेदवार बेटो ओरूर्क मधेच उठून उभे राहिले. तुम्ही काहीच करत नाही, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. मंचावरून शिवी आली, लाज काढली गेली, त्यांना बाहेर नेलं. ओरूर्क निवडणुकीच्या हिशेबाने उठले असतील, तो वाद मी घालत नाही. पण दोनच दिवसांनी त्याच गव्हर्नरांनी, पोलिसांबद्दल आपल्याला चुकीची माहिती दिली गेली आणि आपण प्रचंड संतापलो आहोत, असं जाहीरपणे सांगितलं. तेव्हा कुणी त्यांना म्हणालं नाही की ही वेळ नाही. म्हणजे राग चालतो. तो कुणी करायचा, एवढंच आधी ठरलेलं असतं.

तो शुक्रवार होता, २७ मे. ह्यूस्टनच्या मध्यवस्तीतल्या मोठ्या अधिवेशन केंद्रात त्या दिवशी राष्ट्रीय रायफल संघटनेचं वार्षिक संमेलन सुरू झालं. समोरच्या डिस्कव्हरी ग्रीन बागेत आम्ही हजारो माणसं उभी होतो. ऊन असं की हातातले पुठ्ठे डोक्यावर धरावे लागत होते. त्या पुठ्ठ्यांवर उवाल्डेच्या मुलांचे फोटो होते. रस्त्यापलीकडे आत डोनाल्ड ट्रम्प यांनी गेलेल्यांची नावं वाचली, प्रत्येक नावाला घंटा वाजली. मग बंदुकांवर कुठलेही नवे निर्बंध नकोत, असं भाषण झालं. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका उभी होती. तिचा घसा ओरडून बसला होता, तरी ती थांबत नव्हती. मृतांचा मान तिने राखला की घंटा वाजवणाऱ्यांनी, हे मला कुणी विचारलं तर उत्तर द्यायला मला क्षणभरही लागणार नाही.

आपल्याकडे मयताच्या घरी बाई नुसती रडत नाही. मिरजेला आमच्या गल्लीत एका बाळंतिणीचा जीव गेला, तेव्हा तिच्या आईने डॉक्टरपासून सासरच्या माणसांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला होता. जमलेल्या बायका तिला धरून बसल्या होत्या, पण तोंड धर असं तिला कुणी म्हणालं नाही. तिचा तळतळाट हा शोकाचाच भाग आहे, हे सगळ्यांना कळत होतं. ही समज मी इथे येताना बरोबर आणली. पण ती तिकडेही आता टिकली आहे का? ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. घरच्यांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावं लागलं. मग गाव रुळांवर उतरलं. तेव्हा त्या आंदोलनामागे राजकारण असल्याचं मुख्यमंत्र्यांनीच म्हटलं. ती बातमी मी इथे बसून वाचली आणि मला उवाल्डेचा तो मंच आठवला. मुलांच्या बाबतीत व्यवस्था हरली की ती पालकांच्या आवाजाची पट्टी मोजायला लागते.

वर्गात मात्र मला चिडून चालत नाही. वर्षातून ठरावीक वेळा आमचा सराव होतो. ध्वनिक्षेपकावरून सूचना येते: कुलूप, दिवे, नजरेआड. मी दार लावते, दिवे घालवते आणि मुलांना दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात भिंतीला टेकवून बसवते. कुणीतरी बाहेरून मूठ फिरवून दार लागलंय का बघतं, तेव्हा ते मुख्याध्यापकच आहेत हे ठाऊक असूनही मुलं श्वास रोखून धरतात. एकदा एका मुलीने मला हळूच विचारलं, ‘मिस, मला शिंक आली तर?’ तिला मी काय सांगणार होते? बाही तोंडावर धर, म्हटलं. व्हरांड्यात आग विझवायच्या नळकांड्याशेजारी आता एक पेटीही असते. त्यात रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळून बांधायचे पट्टे असतात. प्रत्येक शाळेत ते असावेत असा कायदा टेक्सासने २०१९मध्ये केला. ते बांधायचे कसे, याचं प्रशिक्षण मी घेतलं आहे. मुलांचा दंड किती बारीक असतो, हे ते शिकताना पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

म्हणजे टेक्सासने काहीच केलं नाही असं नाही. २०२३मध्ये प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक सक्तीचा झाला, वर्गावर्गात धोक्याची सूचना देणारं बटण आलं. पोलिसांनी अशा वेळी काय करायचं, याचाही कायदा २०२५मध्ये उवाल्डेच्या नावाने झाला. सगळं केलं, फक्त बंदुकीला हात लावला नाही. उलट तो हात मागेच घेतला. १८ मे २०१८ला आमच्यापासून फार लांब नसलेल्या सांता फे गावच्या हायस्कूलमध्ये दहा जण मारले गेले. त्यात कराचीहून वर्षभरासाठी शिकायला आलेली एक मुलगी होती. तिच्या जनाज्याची नमाज ह्यूस्टनजवळच्या स्टॅफर्डला झाली, तेव्हा हिंदुस्थानी, पाकिस्तानी, अमेरिकन अशी सगळी माणसं तिथे रडली. पुढच्या वर्षी एल पासोच्या वॉलमार्टमध्ये २३ जणांचा बळी गेला. आणि २०२१मध्ये टेक्सासने परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून हिंडायला परवानगी दिली.

उवाल्डेच्या आईबापांची मागणी किती लहान होती ते पाहा. दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला अमेरिकेत २१ वर्षं पूर्ण लागतात. बिअर घ्यायलाही २१ लागतात. पण ज्या रायफलीने त्यांची मुलं गेली ती १८व्या वर्षी मिळते. तिलाही २१ करा, एवढंच ते मागत होते. १८ एप्रिल २०२३ला हे विधेयक ऑस्टिनला विधिमंडळाच्या समितीपुढे आलं. सकाळपासून आलेल्या आईबापांना बोलायची पाळी यायला तेरा तास लागले, मध्यरात्र झाली. त्यानंतर ६ मे रोजी डॅलसजवळच्या ॲलनमधल्या मॉलमध्ये आठ जण गोळ्यांनी मेले. त्यांत तेलंगणातून आलेली एक तरुण अभियंता होती. ८ मे रोजी समितीने विधेयक आठ विरुद्ध पाच मतांनी पुढे पाठवलं, दोन रिपब्लिकन सदस्यांनीही बाजूने मत दिलं. आईबाप एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. दुसऱ्याच दिवशी विधेयक सभागृहाच्या कामकाजात घ्यायची मुदत उलटून गेली. ‘नाही’ म्हणून मत द्यायचे कष्टसुद्धा कुणाला पडले नाहीत.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणारे कायदे फ्लोरिडासकट अनेक राज्यांत आहेत. टेक्सासने २०२५मध्ये कायदा करून असे आदेश आपल्या हद्दीत अमलात आणायलाच बंदी घातली.

रागाने काय होतं, असं मला सुशिक्षित माणसं विचारतात. फ्लोरिडात पार्कलंडच्या हायस्कूलमध्ये १४ फेब्रुवारी २०१८ला १७ जण गेले. तिथली पोरं दुसऱ्याच आठवड्यात राज्याच्या राजधानीत धडकली. ‘आता बोलू नका’ हे त्यांनी ऐकलंच नाही. ९ मार्चला, म्हणजे महिना व्हायच्या आत, रिपब्लिकन गव्हर्नरांनी रायफलीसाठी २१ वर्षांच्या अटीवर सही केली. त्याच्या आधी १९९६मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनमध्ये पहिलीच्या वयाची १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली होती. तिथल्या पालकांनी आणि शेजारणींनी स्नोड्रॉप या नावाची सह्यांची मोहीम काढली. मार्चमध्ये त्या गावात फुलणारं ते पांढरं फूल. सात लाखांवर सह्या झाल्या. तेव्हाही हे भावनेच्या भरात चाललंय, असं नेमबाजीचे शौकीन म्हणत होते. दीड-दोन वर्षांत ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. त्यानंतर ब्रिटनमधल्या कुठल्याही शाळेत असं हत्याकांड झालेलं नाही.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा मी झाकून ठेवणार नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये, मुलं जाऊन सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, उवाल्डे काउंटीने सुमारे ६० टक्के मतं ॲबट यांनाच दिली. निकालाच्या रात्री मी जेवले नाही. गावाला दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. भिंतींवर त्या २१ जणांची भली मोठी चित्रं गावानेच काढू दिली. पण शोक चित्रापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. त्याच गावात एक माणूस मात्र थांबला नव्हता. गेलेल्या एका मुलाचा तो पालक. त्या सप्टेंबरअखेर शाळा-जिल्ह्याच्या कचेरीबाहेर तो दहा दिवस आणि रात्री ठाण मांडून बसला. ७ ऑक्टोबरला शाळेचं अख्खं पोलीस दल निलंबित झालं. असं अडून बसणं उवाल्डेला नवीन नाही. १९७०मध्ये याच रॉब शाळेतल्या एका मेक्सिकन वंशाच्या शिक्षकाला पुढच्या वर्षी घ्यायचं नाही असं ठरलं, तेव्हा गावातली शेकडो मुलं सहा आठवडे शाळेबाहेर राहिली होती. त्या वेळीही त्यांना गप्प बसा असंच सांगितलं गेलं होतं.

आता आपल्या माणसांबद्दल. उवाल्डेनंतर आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं शेकड्याने आली. मी विधेयकाबद्दल, आमदाराला फोन कसा करायचा याबद्दल चार ओळी टाकल्या, तर काही मिनिटांत सूचना आली: ‘कृपया राजकीय मेसेज टाळावेत.’ सूचना करणारा माणूस सज्जन आहे, त्याची दोन मुलं इथल्याच शाळेत जातात. आपण पाहुणे आहोत, आपण कशाला बोला, अशी एक भीती आपल्या लोकांत खोल बसलेली आहे. पण नागरिकत्व घेऊन इथे घरं बांधलेली, कर भरणारी, मुलं रोज त्याच वर्गांत पाठवणारी माणसं पाहुणी कशी? सांता फेला आणि ॲलनला कोण पाहुणं आणि कोण घरचं हे गोळीने विचारलं नव्हतं.

बोलायची एक जागा मतपेटीही आहे. पण मतदार नोंदणी टेक्सासमध्ये निवडणुकीच्या ३० दिवस आधी व्हावी लागते. बहुतेकांना त्यासाठी कागदी अर्ज भरून टपालानेच पाठवावा लागतो. बऱ्याच मतदारसंघांचा निकाल नोव्हेंबरमध्ये लागत नाही, मार्चमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीतच लागून जातो, आणि तिथे अगदी थोडे लोक मत देतात. विधेयक ज्यांनी मुदतीत घेतलं नाही ती माणसं तिथून निवडून येतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची लेक, भाचा, जावई टेक्सासमध्ये असेल, नागरिक झालेला असेल, तर येत्या रविवारी फोनवर हवापाणी विचारून झाल्यावर एवढंच विचारा: नाव नोंदवलंस का, आणि मार्चमध्ये मत द्यायला जाणार आहेस का?